आपण आलात, आनंद झाला

प्रिय रविना,

हे पत्र वीरसिंग जीपवाल्याच्या हाती देतो आहे. पोस्टात टाकलं नाही आणि फोनवरूनही काही पाठवलं नाही. थेट तुझ्या हातात द्यायचं, जावयाच्याही नाही, आणि तू पाकीट फोडलेलं डोळ्यांनी बघूनच परत फिरायचं, असं त्याला बजावलं आहे. तो हसला. मास्तर, पत्र देतो आहे की परीक्षेचा पेपर, असं म्हणाला. हसू दे त्याला. घरी आपण कधी एक शब्द मराठीत बोललो नाही, पण लिहायला बसलं की मला मराठीच येतं. जन्मभर फळ्यावर लिहिलं, तेच वळण हाताला. तेव्हा चुका काढू नकोस आणि मध्येच उड्या मारून शेवट वाचू नकोस. लहानपणी धड्याखालचे प्रश्न आधी वाचायचीस, ती खोड इथे नको. मी क्रमानं सांगतो.

तू अजितशी लग्न केलंस, प्रभूचं नाव घेतलंस, त्यावर गावात बरंच बोलणं झालं. ते उगाळत नाही. पंचांनी मला विचारलं तेव्हा मी, ती आता तिच्या घरी, एवढंच म्हणालो. माझ्या मनात होतं की विषय इथेच मिटावा. तुझ्या कानावर ते कुणी कसं घातलं कोण जाणे, तू तुझा फोनचा नंबरच बदललास. मग मीही गप्प बसलो. नाकावरचा राग तू माझ्याकडूनच घेतलास, तर तक्रार कुणाकडे करायची? तुझी आई, आपली याहा, दोघांनाही शिव्या द्यायची. एक डोंगर इकडे बसलाय, एक तिकडे, मधल्या मध्ये मी वाळते आहे, असं म्हणायची.

आता तुला माहीत नाही ते सांगतो. मागच्या वर्षीच्या थंडीत मी पेन्शनच्या कामाला नंदुरबारला आलो होतो. काम झालं, आणि परतीची गाडी धरायची सोडून मी नवापूरची एस.टी. धरली. घरी निरोप दिला की साहेब भेटत नाहीत, मुक्काम करावा लागतोय. साहेब केव्हाच भेटले होते. रविवारी सकाळी मी तुमच्या प्रार्थनेच्या घरात शेवटच्या बाकावर बसलो होतो, रविना. तू पुढे पेटीजवळ उभी राहून गात होतीस. हिरवी साडी होती. जरा भरली होतीस अंगानं, ते बघून बरं वाटलं. गाणी आपल्याच बोलीतली निघाली. मला वाटलं होतं सगळं साहेबी असेल. माझा पाय ठेका धरायला लागला, तो मी दुसऱ्या पायानं दाबून धरला. काठी गावच्या होळीत नाचलेला पाय आहे, त्याला काय कळतं गाणं कोणत्या देवाचं ते.

मग तुमच्यापैकी कुणीतरी पुढे येऊन म्हणालं की आज पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यांनी उभं राहावं. माझी तर पाचावर धारण बसली. पुढे एक जाडजूड गृहस्थ होते, त्यांच्या पाठीआड मी इतका वाकलो की शेजारच्या बाईंना वाटलं मी प्रार्थनाच करतो आहे. त्यानंतर थांबण्यात अर्थ नव्हता. शेवटचं गाणं चालू असताना मी बाहेर पडलो, तर दारात आशा नावाच्या बाईंनी गाठलंच. नाव विचारलं, फोनचा नंबर मागितला. मी देणार नव्हतो. पण त्या म्हणाल्या, पाहुण्यांना निरोप पाठवायचं सगळं आमच्या रविनाताई बघतात. तेवढ्या वाक्यावर मी नंबर दिला. तुझा बाप आहे हे नाही सांगितलं. त्यांनी हातात छापील कागद दिला, त्यावर तुमच्या मंडळीचे पत्ते आणि फोन होते. तो मी पायरीवर ठेवून निघालो. म्हटलं, हा कागद घरात कशाला न्या, कुणी पाहिला तर आणखी चार तोंडं उघडतील.

पुढच्या शनिवारी पाड्यावरच्या खडकावर गेलो, तेव्हा निरोप आलेला होता. आपल्याकडे नेटवर्क अजून तिथेच येतं, मोहाच्या झाडाखाली. अख्खा पाडा तिथे उभा राहून आपापल्या भांडणाचं आणि सोयरिकीचं बोलतो आणि बाकीचे ऐकतात. निरोपात होतं, "फुलसिंगजी, रविवारी आपण आलात, आम्हाला फार आनंद झाला. आपली जागा राखून ठेवली आहे." मी तो किती वेळा वाचला ते विचारू नकोस. माझ्या लेकीनं मला ओळखलं आणि तरी गर्दीत हाक मारली नाही, माझी लाज राखली, असं माझ्या मनानं घेतलं. घरी येऊन याहाला सगळं सांगून टाकलं. साहेब भेटत नाहीत म्हणून खोटं बोललो त्याबद्दल ती आधी भांडली, मग म्हणाली वाच. वाचला. बापाला आपण म्हणते, एवढी मोठी झाली का, असं म्हणून ती इतकी हसली की शेजारची कालीबाई काय झालं म्हणून बघायला आली. मी सांगितलं, अगं, लेखी भाषा तशीच असते.

त्यानंतर दर शनिवारी निरोप यायचा आणि शनिवार हा आमच्या घरचा सणच झाला. मी खडकावर निघालो की लोक म्हणायचे, मास्तर देवाला भेटायला चालले. खाली आलो की याहा चुलीपुढची जागा सोडून अंगणात येऊन बसायची. "गेल्या रविवारी आपली उणीव भासली." हे तिला फार आवडलं होतं. उणीव म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं, तर म्हणाली, मग सरळ सांग ना, आठवण येते म्हणते. एकदा मला म्हणाली, जात जा की त्या प्रार्थनेला, तुझं काय झिजतं, पोरीच्या मंडळीत एक माणूस वाढेल. मी म्हटलं, माझा देव म्हातारपणी बदलायचा नाही. ती म्हणाली, देव नको बदलू, बाक तर बदल. अशी होती तिची जीभ.

पावसाळ्यानंतर तिला दम लागायला लागला. आधी पाणी आणताना, मग नुसतं बसल्या जागी. पाय सुजले. सरकारी दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी हृदय कमजोर झालंय म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, नंदुरबारला न्या म्हणाले. ती काही केल्या तयार होईना. तिचं एकच, रविनाला कळव, ती आली की तिच्याबरोबर जाईन. त्याच शनिवारी तुमचा निरोप आला, की प्रार्थनेसाठी आपला काही विषय असेल तर आम्हाला अवश्य कळवा. मला वाटलं, पोरीनं स्वतःहून दार उघडलं. मी तिथेच खडकावर बसून त्याच निरोपाखाली लिहिलं, याहाला बरं नाही. अक्षरं जुळवायला वेळ लागला, पण लिहिलं. फोनवर बाजूला एक लाल खूण उमटली. ती आमच्याकडे सगळ्यांच्याच निरोपांवर उमटते. नेटवर्कची झुळूक आली की निरोप आपोआप जातो म्हणून आम्ही कुणी तिच्याकडे बघतही नाही.

खाली आल्यावर तिनं विचारलं, कळवलंस? मी म्हटलं, कळवलं. पुढच्या शनिवारी लिहिलं, पाय फार सुजलेत, तुझं नाव घेते. त्याच्या पुढच्या शनिवारी नुसतं, ये. तुझ्याकडून निरोप चुकला नाही. प्रभू आपल्याला शांती देवो, आपला आठवडा आशीर्वादाचा जावो. मी वाचायचो आणि त्यात याहाचं नाव शोधायचो. कालीबाई म्हणाली, नवापूरला माणूस पाठवू या. मी म्हटलं, निरोप तर दर आठवड्याला जातोय, आता माणूस पाठवून हातापाया पडायचं का? गावात कुणी विचारलं तरी हेच सांगायचो, तिला सगळं कळवलंय. म्हणून तर दुसऱ्या कुणी तुला काही सांगितलं नाही.

मग तो शनिवार आला. याहाला आडवं होता येत नव्हतं, भिंतीला टेकून बसूनच डोळा लागायचा. निरोप होता, "फुलसिंगजी, आनंद करा! या रविवारी प्रीतिभोजन आहे. सहकुटुंब या." सहकुटुंब हा शब्द वाचून माझं डोकं फिरलं, रविना. आई दारात वाट बघत बसली आहे, आणि ही जेवायला बोलावते! मी तरातरा खाली आलो. तिनं विचारलं, काय म्हणाली? मी म्हणालो, जेवायला बोलावलंय. मग मी बोलून गेलो, तिला सगळं ठाऊक आहे, तिला यायचं नाही, तू आता तिची वाट बघू नकोस. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, असू दे, तिलाही संसार आहे. पुढच्या शनिवारी मी खडकावर गेलो नाही, आणि मी का गेलो नाही हे तिनं विचारलंही नाही. अंगणात बसवू का म्हटलं, तर नको म्हणाली.

परवा धडगावला गेलो होतो. बाजारात नवनीतचं मोबाइलचं दुकान आहे, शहाद्याकडचा आहे तो. फोन त्याच्यापुढे टाकला आणि म्हटलं, हे निरोप कायमचे बंद कर, मला या नंबराचं तोंड बघायचं नाही. त्यानं फोन हातात घेतला, वर खाली बघितलं, आणि म्हणाला, "मास्तर, हाऊ कोनाच नंबर नही शे. हाई कॉम्प्युटरवरथीन येस. तठून येस, पन आठून काहीच जात नही." मला समजेना. त्यानं समजावलं की असे निरोप एकदाच लिहून ठेवतात, पाहुण्यांची नावं एकदाच भरतात, पुढे यंत्र दर आठवड्याला नाव बदलून सगळ्यांना पाठवत राहतं. कुणी बघावं लागत नाही. आणि उलट लिहिलेलं कुणाला पोचत नाही. मग त्यानं लाल खुणांवर बोट ठेवून दाखवलं. याहाला बरं नाही. पाय फार सुजलेत. ये. सगळे माझ्याच फोनमध्ये बसून होते. मी दुकानाच्या फळीवर बसलो. त्यानं चहा मागवला, तो मी घेतला की नाही ते आठवत नाही.

मी आलो होतो हेच तुला माहीत नसेल. माझं नाव आशाबाईंनीच भरलं असेल, तुझ्या नजरेखालून गेलंही नसेल, आणि गेलं असलं तरी डोंगरात फुलसिंग काय थोडे आहेत? तुमच्या त्या यंत्राला मी दोष देत नाही. ज्यांनी ते बसवलं त्यांनी चांगल्या मनानंच बसवलं, आलेल्या माणसाला वाटावं की आपली कुणाला तरी आठवण आहे. तसं वाटलं होतं. तुझ्या याहाला त्या शब्दांनी जेवढं सुख दिलं, तेवढं माझ्या बोलण्यानं जन्मात दिलं नसेल. पण मी मास्तर असून वाचायला चुकलो. जो निरोप कुणीच लिहिला नव्हता, त्यात मी आधी तुझी माया वाचली आणि नंतर तुझा कठोरपणा.

रविना, तुझी याहा गेली. होळीच्या आधीच्या आठवड्यात, सकाळी, उन्हं अंगणात आली तेव्हा. तिला माती देऊन झाली, पण दिवसकार्य मी थांबवून ठेवलं आहे. पंचांना सांगितलं की लेकीला कळलेलंच नाही, ती आल्याशिवाय होणार नाही. ती आता दुसऱ्या देवाची, असं कुणीतरी म्हणालं. मी म्हटलं, आईला का दुसरी झाली? तुला काही करावं लागणार नाही, फक्त माझ्याशेजारी येऊन बस. पण हे पत्र त्यासाठीही नाही. धडगावहून परत येताना जीपमध्ये मला एकच घाई झाली होती, की घरी पोचावं आणि तिला सांगावं, अगं, पोरीला कळलंच नव्हतं, कळलं असतं तर ती धावत आली असती. घाट उतरून पाड्याच्या वळणावर आलो तेव्हा ध्यानात आलं की सांगायला घरात कुणी नाही. ती तुला यायचं नाही असं मानून गेली, आणि ते तिला मी सांगितलं. तिच्यापर्यंत आता माझा शब्द जात नाही. म्हणून तुला सांगतो आहे, बाळ. तू आली असतीस.

तुझाच,
आबा