काहीच न कळणाऱ्यांसाठी साम्राज्य

३ फेब्रुवारी, मंगळवार

आणि वर मलाच विचारतो, "आई, माझी खुर्ची कुणी हलवली?"

माझी खुर्ची! मी कामाला आहे त्या लाँड्रीतून ती खुर्ची काढून टाकत होते तेव्हा मी मागून घेतली, डोक्यावर घेऊन दोन जिने चढवली. दिवसभर कामावर उभी असते मी, संध्याकाळी टेकावं म्हणून. आता तिच्यावर जावईबापूंची उशी, जावईबापूंचा टॉवेल आणि सकाळी डोळे उघडल्यापासून खुद्द जावईबापू. समोर कॉम्प्युटर. त्यात काळंकुट्ट आकाश आणि आकाशात यांचं राज्य. ग्रह जिंकतात म्हणे. कालचं ताट अजून बाजूलाच पडलंय, ते जिंकून मोरीपर्यंत नेता येत नाही!

"पंधरा दिवस फक्त, आई. आमच्या इमारतीत पाइप बदलतायत," लेक म्हणाली होती. चार महिने झाले. एवढ्यात माणसं नवी इमारत बांधतात. आतली खोली त्यांना दिली. इंटरनेट पुढच्या खोलीत चांगलं येतं, म्हणून पुढचीही गेली. आमचे हे तिथेच दिवाणावर झोपतात, कॉम्प्युटरच्या उजेडात तोंडावर चादर ओढून. मी स्वयंपाकघरात, सिलिंडरच्या शेजारी.

लेकीला बोलता येतं. नवऱ्याला तर येतंच. पण जावई समोर आला की जीभ आपली आपणच गोड होते — "जावईबापू, चहा टाकू का?" ओठावर साखर, पोटात आग. म्हणून इथे लिहितेय. चौथीच्या पुढे शाळा पाहिली नाही, पण शिव्या लिहिण्यापुरती अक्षरं येतात.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज कळलं, तो घरात बसून नोकरी शोधत नाहीये. तो नोकरी *करतोय* म्हणे! या खेळाचे धडे देणारे व्हिडिओ काढणार. नवशिक्यांसाठी. लोक बघतील, मग पैसे येतील.

यांना म्हटलं, "तुम्ही तरी बोला काहीतरी."

"बोलतो," म्हणाले. शर्ट घातला, घसा खाकरला, पुढच्या खोलीत गेले. बराच वेळ आले नाहीत. जाऊन बघते तर स्टूल ओढून जावयाच्या शेजारी बसलेले — "आणि हे हिरवं काय? याच्यावर माणसं राहतात?"

जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आला हा माणूस. वर जायचं दिसलं की भुलतोच.

८ फेब्रुवारी, रविवार

सुटीचा दिवस. फरशी पुसत होते. जावईबापू आले, हात मागे बांधून. "आई, एक काम होतं. मला एक कोरा माणूस हवाय."

"कोरा म्हणजे?"

"म्हणजे... ज्याला यातलं काही म्हणजे काहीच कळत नाही असा."

हे दिवाणावरून ओरडले, "मग बरोबर घरात आलात!"

बसले मी. खेळासाठी नाही, खुर्चीसाठी. चार महिन्यांनी पाठ टेकली.

धडा पहिला. काहीही करायच्या आधी वेळ थांबवायची. त्याला बटण आहे! दाबलं की तारे, जहाजं, सगळं जागच्या जागी. "नवशिका घाई करतो आणि मरतो, आई. थांबवा, बघा, विचार करा, मग चाल." खरंच, याने हे बटण कधी शिकून घेतलं असेल? लग्नाच्या आधी की नंतर? चार महिने दाबूनच धरलंय.

मला एक ग्रह दिला. माणसं जांभळी, मान नाही, पण डोळे गरीब. तो म्हणे, आधी टेहळणीचं जहाज पाठवा, आजूबाजूला काय आहे ते बघा. मी म्हटलं, घरात काय आहे ते आधी बघू दे. धान्य बेताचंच होतं. सगळं लोखंड शेतीत घातलं. "आई, तोफा?" "आधी धान्य भरा, तोफांचं मग बघू." धान्य भरलं. मग शेजारचे झुरळतोंडे आले आणि धान्यासकट सगळं घेऊन गेले.

जावई हसून हसून खुर्चीवरून — हो, माझ्याच खुर्चीवर परत बसला होता — पडायचा राहिला. हे पण हसले. मी उठून भात लावला.

११ फेब्रुवारी, बुधवार

धडा. अरुंद वाट हेरायची आणि तिथे ठाणं बांधायचं. एका ठाण्यात अख्खं राज्य अडवता येतं.

स्वयंपाकघरातून मोरीकडे जायच्या बोळात त्याची सायकल आहे. मी आडवी होऊन जाते. आता कळलं, ती सायकल नाहीये.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं त्याचं हसू येतंय की रडू, कळत नाही.

पुन्हा बसवलं मला. या वेळी जरा बरं चाललं होतं. दोन ग्रह झाले. तेवढ्यात शेजारच्या राजाचा निरोप आला. लांब मिशा, बोलणं मोठं अदबीचं: आमची जहाजं काही काळ तुमच्या हद्दीतून जाऊ द्याल का? आता कुणी एवढं गोड विचारलं तर काय म्हणायचं? काही काळाचाच प्रश्न आहे. "हो" दाबलं.

आली जहाजं. आली ती बसली. माझ्या ग्रहाभोवती घिरट्या घालायला लागली. माझं लोखंड संपलं, माझी माणसं कुरकुरायला लागली, आणि एके दिवशी त्यांचाच झेंडा माझ्या ग्रहावर.

जावईबापू टेबलावर थाप मारून म्हणाले, "हीच! हीच चूक प्रत्येक नवशिका करतो, आई! भिडेला बळी पडतो. एकदा आत घेतलं ना, की ते जात नाहीत. तुम्ही पहिल्या दिवशीच नाही म्हणायला हवं होतं."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. म्हटलं, कुठे तरी ओठ हलेल, डोळा मिटेल. काही नाही! अगदी जीव तोडून शिकवत होता.

"आणि आता काय करायचं?" मी विचारलं.

"आता उशीर झाला."

हे मान डोलवत होते. "उशीर झाला गं." यांच्याही डोक्यात काही शिरलं नाही. एका खोलीत तीन माणसं, आणि लाज वाटली ती फक्त मला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

डोकं दुखतंय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

हॉटेलच्या चादरींचा ढीग आला होता. घडी घालायला समोर वाफवाली होती. तिचं काम वाफेच्या इस्त्रीवर, पण मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात. दोन टोकं तिने धरली, दोन मी, चालत चालत जवळ आलो, आणि टोकं माझ्या हातात देताना ती माझ्याच आवाजात म्हणाली, "आधी धान्य भरा, तोफांचं मग बघू!"

चादर हातातून सुटली.

"तुला कुठून कळलं हे?"

"अगं, सगळ्यांना माहितीये! माझा भाचा दिवसभर तेच लावून बसतो. 'काहीच न कळणाऱ्यांसाठी साम्राज्य'. आवाज ऐकला आणि म्हटलं, ही तर आपली बया!"

मधल्या सुटीत तिने फोनवर तो व्हिडिओ दाखवला. माझा चेहरा नाही. ते जांभळे गरीब लोक, आणि वर माझा आवाज. माझे उसासे. "मेल्या झुरळतोंड्या, ठेव ते!" — हेही आहे. खाली लोकांनी लिहिलंय. सासूबाईंना परत हरवा. सासूबाई मरताना काय बोलतात ते ऐका. एकाने लिहिलंय, मी जेवताना रोज लावतो.

सगळ्या बायका पोट धरून हसत होत्या. मीही हसले. न हसून जाते कुठे? संध्याकाळपर्यंत कपड्यांची गाडी ढकलणारासुद्धा म्हणत होता, "हद्दीतून जाऊ द्याल का, महाराणी?"

२० फेब्रुवारी, शुक्रवार

काल घरी गेले ती चप्पलसुद्धा काढली नाही. पहिल्यांदा जावयाशी साखर न घालता बोलले. "मला विचारलं होतं का?"

तो गडबडला. "आई, चेहरा नाही दाखवला. फक्त आवाज—"

"आवाज कुणाचा? बाजारातून आणला?"

"तुम्हाला राग येईल असं वाटलं नाही. लोकांना तुम्ही आवडता, आई. खरंच." आणि स्वतः उठून चहा केला. कोमट, साखर विसरलेला. वाईट नाहीये तो मनाने. तेच तर अवघड आहे. वाईट असता तर एव्हाना जिन्यावर असता.

हे म्हणाले, "तुझ्या आवाजाला धार आहेच, मी तीस वर्षं सांगतोय. आता जगाला पटलं."

२२ फेब्रुवारी, रविवार

लेकीने भांडी घासायला घेतली. चार महिन्यांत आपणहून पहिल्यांदा. मी समजले, काहीतरी आहे.

"आई, एक ऐकशील? त्याला लग्नानंतर पहिल्यांदाच काहीतरी जमतंय. बघणारे रोज वाढतायत. तू फक्त बसत जा त्याच्याबरोबर. रविवारचा एक तास. आणि हरत जा."

"हरत जा?"

"तू जिंकलीस की कुणी बघत नाही गं."

जिंकले कधी होते मी? मधे एकदा चुकून तीन ग्रह झाले, तर त्याने तो भाग टाकलाच नाही म्हणे. मजा नव्हती.

मग हळूच, ताटावरचा साबण धूत म्हणाली, "आम्ही ती जागा सोडलीये. मालकाला कळवून टाकलं. उद्या कपाट येईल."

"कुठे येईल?"

"इथे. बोळात ठेवू. बाबा हो म्हणाले."

बाबा हो म्हणाले!

२३ फेब्रुवारी, सोमवार

कपाट आलं. सायकल जिन्यात गेली. आता मी आडवी होऊनही जात नाही, श्वास आत ओढून जाते.

यांना विचारलं, "मला का नाही विचारलंत?"

"तू नाही म्हणाली असतीस."

बरोबर. म्हणूनच विचारतात, असा माझा समज होता.

"अगं, पोरगी आहे आपली. कुठे जाईल? आणि घरात जरा हलतंय-बोलतंय. मी रिटायर झाल्यापासून भिंतीकडे बघत होतो. आता मला त्याने एक पूर्ण आघाडी सांभाळायला दिलीये. पश्चिमेची."

पश्चिमेची आघाडी! यांना दुधाची पिशवी सांभाळून आणता येत नाही. पण बोलताना डोळे चमकले, तेही खरं. असे डोळे हे लिफ्टच्या कामावरून यायचे तेव्हा पाहिले होते मी. मग मला भांडताही येईना. तिघं सुखात आहेत. रोज रात्री तिघांचं हसू ऐकते सिलिंडरच्या शेजारून. घर भरलंय. भरता भरता मीच तेवढी बाहेर उरले.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

लाँड्रीच्या मालकीणबाईंनी बोलावलं. वाटलं, आवाजाचंच काही असेल. नाही. बॉयलर पहाटे पेटवायला माणूस हवाय, लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहणारा. आधीचा गेला. "तुमच्या ओळखीत कुणी आहे का?"

"बघते," म्हटलं.

खोली दाखवली. लहान आहे. खालच्या वाफेने फरशी उबदार. एक खिडकी, एक नळ, भिंतीला खुंट्या. दाराला आतून कडी. मी कडी लावून बघितली. मालकीणबाई बाहेर होत्या, त्या म्हणाल्या, "अडकली का?" म्हटलं, "नाही, चांगली आहे." आणि तरी लगेच उघडली नाही. आत उभी राहिले जरा वेळ. कुणी हाक मारली नाही. कुणाचं ताट नव्हतं. किती वर्षांनी?

घरी येऊन काही बोलले नाही. वेड लागलंय मला. स्वतःचं घर असताना!

१ मार्च, रविवार

बसले आज शेवटचं. लेकीच्या तोंडाकडे बघून. जावईबापूंनी आधीच सांगितलं, "आई, आज तुमच्यावर तीन बाजूंनी येणार आहेत. मनापासून ओरडा."

ओरडले नाही. एक ग्रह गेला, दुसरा गेला. पश्चिमेकडून जे आले ते हेच होते — यांचीच फौज, माझ्या नवऱ्याची! खुशीत. मला म्हणतात, "शरण ये, तुला चहा देतो."

मोठा ग्रह गेला तेव्हा जावई म्हणाला, "अहो आई, बोला ना काहीतरी! राजधानी गेली!"

"मग आता संपलं?"

"नाही संपलं. अजून एक जहाज आहे तुमच्याकडे. माणसं घेऊन दुसरीकडे जाऊ शकता, नवी राजधानी करता येते. पण नवशिके ते करत नाहीत. जुन्या जागेवर जीव असतो, तिथेच लढत बसतात आणि मरतात. तेच दाखवायचंय आपल्याला. लढा."

मी वेळ थांबवायचं बटण दाबलं आणि उठले. तो मागून "आई? आई, रेकॉर्डिंग चालू आहे!" करत राहिला.

२ मार्च, सोमवार

झोप नाही. फरशी थंड.

३ मार्च, मंगळवार

मालकीणबाईंना माणूस मिळाला म्हणून सांगून आले. किल्ली घेतली.

मग यांना स्टुलावरून उठवलं, जिन्यात नेलं आणि सांगितलं — शनिवारी मी लाँड्रीवर राहायला जातेय. भांडून नाही. खोलीत दोघं मावतात, तिसरा नाही. तुम्ही येताय की इथेच राहताय, ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांगा. आणि जावयाला विचारून सांगतो म्हणालात, तर उत्तर मिळालं असं समजेन.