आप्पांनी केलेली शिफारस

आप्पा,

काल वडगावात एका विणकराच्या घरी गेलो होतो. त्यांच्या मुलीला पुढच्या शिक्षणासाठी परदेशी जायचंय आणि तिला माझं शिफारसपत्र हवंय. मी आता निवृत्त म्हातारा, पण माझ्या सहीला अजून थोडं वजन आहे असं लोक समजतात. चहा आला. मी सहज विचारलं, "मुलगी कशी आहे तुमची?" तिची आई पदर सावरत म्हणाली, "कशाची कशी जी! लई आळशी हाय बघा. हाका मारून घसा बसतोय, पर उठत न्हाय." मुलगी बिचारी खाली बघायला लागली आणि मला हसू आवरेना. त्या माउलीला वाटलं असणार, म्हातारा चळला. तिला काय सांगू? मला तुम्ही दिसत होता, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले, आणि आपल्या दारात टोपी हातात घेऊन उभे असलेले माझे सर.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष होत आलं होतं. सरकार हुशार पोरांना विलायतेला पाठवणार, अशी बातमी कॉलेजात आली आणि माझ्या डोक्यात रंगाचं रसायनशास्त्र शिकायला जायचं घुसलं. अर्जासोबत दोन शिफारसपत्रं हवी होती. पहिलं कोल्हापूरच्या एका प्राध्यापकांकडून लगेच मिळालं. उमेदवार सुशील, मेहनती, चांगल्या घराण्यातला. हे पत्र ते सगळ्यांनाच देत, फक्त नाव बदलत. दुसरं आमच्या बेळगावच्या सरांकडून हवं होतं, आणि सरांची तऱ्हाच न्यारी. ज्याचं घर पाहिलं नाही, ज्याच्या घरच्यांशी बोललो नाही, त्याच्याविषयी मी एक ओळ लिहिणार नाही, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. म्हणून एका रविवारी ते टिळकवाडीहून चालत आपल्या शहापुरात आले.

तुम्ही माग थांबवला नाहीत. एवढा शिकलेला माणूस घरी आलाय म्हटल्यावर थांबवायला हवा होता, असं मला वाटत होतं आणि मी आईकडे बघत होतो. आई आधीच दाराआड गेलेली. सरांनी विचारलं, "मुलगा कसा आहे तुमचा?" तुम्ही धोटा फेकता फेकताच बोलत सुटला. "कशाचा कसा जी! हातात धोटा दिला की सूत तोडतंय. लई हट्टी. एक सांगाय गेलं की धा उलट बोलतंय. पुस्तकं वाचून डोकं फिरलंय त्याचं." दाराआडून आईनंही भर घातली, "जेवाय हाक मारली तर वेळंवर येत न्हाय." सर खिशातून कागद काढून लिहून घेत होते. मला वाटलं, सरांची सवय असेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं आणि मसुदा वाचून दाखवला. उमेदवाराला रसायनशास्त्रात चांगली गती आहे, इथपर्यंत सगळं छान. पुढे: वडिलांच्या सांगण्यानुसार तो हट्टी आहे, हातकामात कच्चा आहे, मोठ्यांना उलट उत्तरं देतो व जेवणाच्या वेळा पाळत नाही. "सर, आमच्यात असंच बोलतात," मी म्हणालो. "असंच म्हणजे? खोटं?" "खोटं नाही सर. आपल्या पोराला आपणच चांगलं म्हटलं तर दृष्ट लागते. शहापुरात कुठल्याही घरी गेलात तरी हेच ऐकायला मिळेल." सर चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. आप्पा, हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. सरांना आईबाप आठवतही नव्हते. ते वसतिगृहात वाढले, वार लावून जेवले. बाप आपल्या पोराविषयी चारचौघांत कसा बोलतो, हे त्यांच्या कानांवर कधी पडलंच नव्हतं. ते हळूच म्हणाले, "मग खरं काय ते वडिलांनाच सांगू दे. त्यांचे शब्द मी माझ्या मनानं बदलणार नाही." आणि अर्ज तर त्याच आठवड्याच्या टपालानं जायला हवा होता.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही केवढे भडकला होता! "लिवून घेतलं? घरातलं बोलणं कागदावर? मास्तर हाय का पोलीस?" मी पण चिडलो. म्हणालो, "माझं जाणं मोडायचं म्हणूनच तुम्ही तसं बोलला." ते मी रागाच्या भरात बोललो खरं, पण आत कुठेतरी ती शंका होतीच. थोरला मुलगा, घरात दोन माग, तुमचे डोळे अधू व्हायला लागलेले. मला धरून ठेवायचं तुमच्या मनात आलं असतं तरी तुम्हाला कोण दोष देणार होतं?

सकाळी उठून बघतो तर तुम्ही लग्नातला कोट चढवून डोक्याला रुमाल बांधताय. वाटेत मी तुम्हाला पढवत होतो. "म्हणा, पोरगा हुशार आहे." "तुझ्या म्होरं म्हणू?" "मी बाहेर थांबतो." "बरं, बघतो." शहापूर संस्थानच्या हद्दीत, टिळकवाडी इंग्रजांच्या, त्यामुळे मधलं रेल्वेचं फाटक ओलांडलं की तुम्ही नेहमी कोटाचं वरचं बटण लावायचात. त्या दिवशी तर घरातूनच लावून निघाला होतात.

मी सरांच्या व्हरांड्यात उभा आहे. खिडकी उघडी आहे. आत तुम्ही खुर्चीच्या कडेवर टेकलाय आणि आधी सरांच्या घराचं कौतुक करताय, मग चहाचं, मग परसातल्या लिंबाच्या झाडाचं. बोलणं काही माझ्यावर येईना. शेवटी तुम्ही घसा खाकरून म्हणता, "लढाईच्या दिसांत आमचा लाल रंग उतराय लागलता जी. व्यापाऱ्यानं गठ्ठाच्या गठ्ठा माघारी धाडला. तवा ह्यानं काय केलं, रंगवलेलं सूत साबणाच्या उकळत्या पाण्यात घालाय लागला, म्हनं कच्चा रंग हितंच सुटून जाऊ दे. आंगाला लावाय साबण मिळंना, आन् ह्यो सुताला घालतोय! मी लई शिव्या घातल्या. ऐकला न्हाय. हट्टी हाय म्हटलो ते खोटं न्हाय जी." मग जरा थांबून, "पर मागनं म्या रंगाऱ्यालाबी तसंच कराय लावलं. तवापास्नं आमचा लाल उतरला न्हाय. ह्ये त्याला म्या आजून सांगितलं न्हाय. तुमीबी सांगू नका."

आप्पा, त्या सुतापायी तुम्ही माझ्याशी महिनाभर धड बोलला नव्हतात. मी समजत होतो, तुम्ही रंगारी बदललात म्हणून रंग टिकायला लागला. व्हरांड्याच्या खांबाला टेकून मी लहान पोरासारखा रडलो.

सरांनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे हा विलायतेला गेला तर तुम्हाला चालेल ना?" सरांना आईबाप नव्हते, म्हणून असं सरळ विचारता आलं. मला उभ्या जन्मात जमलं नसतं. मग तुमचा आवाज आला, आमच्यावर ओरडताना कधी लागत नसे इतका खालचा. "न्हाय जी चालत. अजिबात चालत न्हाय." आणि पुन्हा जरा वेळानं, "पर तुमी लिवा."

सरांनी लिहिलं. हट्टी हा शब्द त्यांनी काढला नाही, त्याच्यापुढे लाल सुताची हकिगत तेवढी घातली. विलायतेतल्या माझ्या प्राध्यापकांनी मला पहिल्या भेटीत साबणाविषयीच विचारलं. मी गेलो, शिकलो, परत आलो. तुम्ही त्यानंतर बरीच वर्षं होता. एका ताटात भाकरी खाल्ली आपण, पण टिळकवाडीचा विषय तुम्ही काढला नाही आणि मीही नाही. खिडकी उघडी होती हे तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं, तेवढं विचारायचं राहून गेलं.

आज हे लिहून तरी कुठे टाकणार? तुम्हाला वाचताही येत नव्हतं. दुपारी त्या मुलीचं पत्र लिहायला बसलो होतो, तो कागद बाजूला पडला आणि हाच भरत गेला. आता भरलाच आहे तर एक सांगून टाकतो. सरांच्या घरून परत येताना तुम्ही वाटभर एक शब्द बोलला नाहीत. मी तुमच्या मागून चालत होतो आणि मनात एकच होतं, आप्पांनी आता मागं वळून एकदा 'नको जाऊस रं' म्हणावं. म्हणाला असता तर मी राहिलो असतो, आणि आनंदानं राहिलो असतो. मला वाटतं, तुम्हाला ते ठाऊक होतं, म्हणूनच घर येईपर्यंत तुम्ही मागं बघितलं नाहीत.