वरच्या मजल्यावरची बंद खिडकी

मी, या चित्रदालनाचा तिसऱ्या पिढीतला मालक, वय चौऱ्याहत्तर, डोके ठिकाणावर असताना (धाकट्या भावाचे मत वेगळे आहे) आणि कोणाच्याही दडपणाविना ही व्यवस्था लिहून ठेवतो.

एक. इमारत व सर्व चित्रे विश्वस्त मंडळाकडे जावीत. इमारत विकता येत नाही, पाडता येत नाही, परवानगीशिवाय खिळाही ठोकता येत नाही. हे माझेच कर्तृत्व. भाऊ ती विकायला निघाला, तेव्हा तिला सरकारच्या वारसा वास्तूंच्या यादीत घेण्याचा अर्ज मीच केला. त्याची जिरवायला गेलो आणि आत मीच अडकलो.

दोन. भावाला अभिप्रायांची वही द्यावी. एवढ्या वर्षांत त्याने तीत एकच शब्द लिहिला: 'ठीक'.

तीन. चौकटी करायची माझी हत्यारे सुताराला द्यावीत. नाहीतरी निम्मी त्याच्याकडेच आहेत.

चार. शिल्लक सगळी मुलीची. तिने माझ्यामागे इथे एक दिवसही राहू नये.

पाच. आमच्या राहत्या खोलीला एकच खिडकी. त्या यादीसाठीच्या सरकारी पाहणीच्या आदल्या दिवशी मी हौसेने तिला तेलरंगाचे दोन हात दिले आणि झडपा चिकटल्या. पाहणीला आलेल्या बाईंनी यादीत लिहिले, 'खिडकी, कायम बंद.' यादीतले बदलायचे नाही, असा नियम. खाली सही माझी.

पुढे हिला दमा जडला. "अहो, एवढी एक खिडकी उघडा ना," म्हणायची. मी नऊ अर्ज केले. उत्तर आले नाही, आणि ती याच खोलीत गेली. चार ठोके घालायची हिंमत मला झाली नाही, याची आजही लाज वाटते. आता मुलीलाही धाप लागते. म्हणून मी गेल्यावर, मला उचलण्याआधी, सुताराने ती खिडकी उघडावी. गुन्हा माझ्या नावावर घालावा. मेलेल्याला कोण धरणार?

हे सर्वांसमोर वाचून दाखवले. सुतार म्हणाला, "दादा, त्यासाठी तुम्ही मरायची वाट कशाला बघायची? पटाशी पिशवीतच आहे."

मुलीने खिडकीसमोरची खुर्ची बाजूला केली.

कलम पाच रद्द. गुन्हा मात्र माझाच, जिवंतपणी.

साक्षीदार: समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई, तिकिटे देणारे काका.
ठिकाण: वरची खोली. तारीख: अकरा मार्च.

सही वाकडी आली असली तरी ती माझीच आहे. कागद वाऱ्याने उडत होता.