जेवणाऱ्याचं तोंड

बाई, काल चार माणसांनी उभं राहून मला जेवताना पाहिलं. ती किळस अजून तोंडातून गेलेली नाही. सकाळी दात घासले, मिठाच्या गुळण्या केल्या, चहा घेतला, तरी जिभेवर काहीतरी चिकटून बसल्यासारखं वाटतं. आता तुरीची डाळ शिजायला टाकली आहे आणि शिट्टी होईपर्यंत तुम्हाला लिहायला बसलो आहे. मधूनच उठून गॅसचा रेग्युलेटर पाहून येतो. तुम्ही हयात होतात तेव्हा चूल होती, लाकूड विझलेलं दिसायचं. गॅसचं काही दिसत नाही, म्हणून जिवाला घोर. अक्षर वाकडं येतंय. कागद गुळगुळीत आहे आणि नववीत शाळा सुटल्यापासून मी सामानाच्या चिठ्ठ्यांपलीकडे फारसं लिहिलेलं नाही.

मी हल्ली अमरावतीत असतो. खेड्यातून शिकायला आलेल्या मुलींसाठी एक संस्था आहे. राहणं, जेवण, कॉलेजची फी, परीक्षेची पुस्तकं, सगळं तीच बघते. तिथलं स्वयंपाकघर माझ्याकडे आहे. अकोल्याच्या कापसाच्या जिनिंगमधलं काम सुटल्यावर या वयात कोणी काम दिलं नसतं, पण मी लहानपणी बोर्डिंगात शिकता शिकता वाढपी होतो असं सांगितलं आणि सरांनी ठेवून घेतलं. सर म्हणजे संस्थेचे मुख्य. दर्यापूरच्या तुमच्या बोर्डिंगचं नाव घेऊन मी इथं लागलो, ही गोष्ट तुम्हाला कळायला हवी, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात तुमचंही नाव खराब होतं असं मला वाटतं.

तुमच्या बोर्डिंगात एक रीत होती. वाढणाऱ्यानं जेवणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायचं नाही. ताटाकडे पाहायचं, तेही वाटी रिकामी झाली का एवढ्यापुरतं. मला ती रीत समजली नव्हती. एकदा कोणीतरी आणखी भाकर मागितली आणि मी टोपली हातात धरून त्याच्याकडे पाहतच राहिलो. तुम्ही टोपली माझ्या हातातून काढून घेतली, स्वतः वाढलं आणि मला मागच्या अंगणात नेऊन म्हणालात, "त्याला भूक लागली आहे हे त्याला माहीत आहे. तुला कशाला माहीत करून घ्यायचंय?" मारलं नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळ दिवस वाटत राहिलं.

आणि ते जिनवाले शेठ आठवतात का तुम्हाला? त्यांच्याकडून ज्वारीची पोती येत. एकदा त्यांना वाटलं, आपली ज्वारी पोरं कशी खातात ते पाहावं. कोट घालून दारात उभे राहिले. पंगत बसलेली होती. सगळ्यांचे हात ताटात थांबले. माझ्या तोंडातला घास तोंडातच. तुम्ही पदर खोचलेला, हात पिठाचे, तशाच पुढं झालात आणि म्हणालात, "इथं उभं फक्त वाढणारा राहतो. पाहायचं असेल तर बसा, ताट घ्या." शेठजींनी आजूबाजूला पाहिलं, मग बूट काढले आणि बसले. माझ्या शेजारीच बसले. आंबाडीची भाजी खाताना त्यांच्या कोटावर तेल सांडलं आणि आम्ही कोणी तिकडे पाहिलं नाही. रीत ती रीत. पुढं तुमचं बोर्डिंग बंद होईपर्यंत ज्वारी येत राहिली.

इथं रीत उलटी आहे. इथं सगळे तोंडाकडेच पाहतात. पाहुणे येतात, हात जोडतात, आणि मुली जेवायला बसल्या की मोबाइल बाहेर निघतात. फोटोचं काम बघणाऱ्या एक मॅडम आहेत, वयानं लहान, स्वभावानं वाईट नाहीत, माझ्या शुगरच्या गोळ्यांची आठवणही करून देतात. पण मुलगी घास तोंडाशी नेते तेव्हा त्या खाली वाकतात, अगदी ताटाच्या कडेशी, आणि खालून फोटो काढतात. त्याला म्हणे समाधान दिसतं. मला दात दिसतात, ओठाला लागलेलं वरण दिसतं.

गेल्या दिवाळीनंतर असाच एक फोटो त्यांनी कॅलेंडरच्या एका महिन्याच्या पानावर छापला. दर्यापूरच्या पलीकडच्या गावची एक मुलगी आहे, सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला. गाल फुगलेला, तोंडाजवळ भाकरीचा तुकडा, ताटात आणखी दोन भाकरी. खाली लिहिलं, 'तिच्या ताटात तुमची माया'. तोच फोटो मोठा करून फाटकावर फ्लेक्स लावला. कॉलेजला जाताना ती रोज स्वतःच्या तोंडाखालून जायची. मग तिनं पंगतीत बसणं सोडलं. डबा घेऊन वर जायची. मी एकदा पाणी भरायला वर गेलो तर ती व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून जेवत होती. मी आवाज न करता खाली आलो. डब्यात भाकर कमी कमी होत चालली होती, हे मात्र माझ्या लक्षात येत होतं आणि मला रात्री झोप लागत नव्हती.

मग मागच्या आठवड्यात तिचे वडील आले. भाजीवाले शेतकरी, धुतलेला पांढरा शर्ट, खांद्यावर वांग्यांची गोणी. गोणी त्यांनी माझ्या स्वयंपाकघराच्या दारात धप्पकन टाकली.

"हे घ्या. माही पोरगी इथं जितकं जेवली असन, तितकं याच्यात हाये. कमी पडलं तं अजून आणतो. आन् तिले सांगा, सामान बांध म्हना."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं नाही. मग हळूहळू सांगितलं. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या बाजारात ते माल नेतात. त्यांचा नेहमीचा अडत्या संस्थेला देणगी देतो, म्हणून त्याला ते कॅलेंडर भेट मिळालं. त्यानं ते गादीच्या मागं, काट्याच्या बरोबर वर टांगलं. हे वांग्यांचं वजन करायला गेले आणि वर पाहिलं तर आपली लेक घास चावून राहिलेली. त्यांनी वांग्यांच्या भावाबद्दल काही म्हटलं तेव्हा अडत्या फोटोकडे बोट करून हसला. "तुही पोरगी तं आमच्या पैशानं जेवून राहिली, भाऊ. आता तू भावासाठी कावून भांडतं?" बाजारातले सगळे हसले. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, गॅसच्या शेगडीकडे पाहिलं.

"मी तिले उपाशी नव्हतं ठेवलं, काका," ते म्हणाले. "गावात कॉलेज नाई म्हून पाठवलं. कॉलेज नाई, एवढंच. भूक नाई."

मुलगी दारात येऊन उभी होती. तिची प्रॅक्टिकलची परीक्षा तोंडावर आहे. ती रडली नाही, नुसती म्हणाली, "बाबा, मी येतो. पण पेपर झाल्यावर नाही का येता येणार?" कॉलेजात शिकणारी मुलगी बापासमोर अजून गावाकडच्या पोरींसारखीच बोलते, 'मी येते' न म्हणता 'मी येतो' म्हणते. मी त्यांना जेवायला बसवलं. त्यांच्याच वांग्यांचं भरीत केलं, म्हणजे त्यांना खाता येईल. ती समोर बसली, कितीतरी दिवसांनी पंगतीच्या जागेवर. मी वाढलं. वाढताना टोपलीकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. ते म्हणाले, "तुमी आमच्याकडं कावून पाहत नाई?" मी तुमचं नाव सांगितलं, रीत सांगितली. त्यांनी आणखी अर्धी भाकर मागून घेतली. निघताना म्हणाले, बुधवारी अमरावतीला परत यायचं आहे. तेव्हा फाटकावर किंवा कुठंही पोरीचं तोंड दिसलं तर ते तिला घेऊन जाणार, परीक्षा असो की काही असो. मी म्हणालो, दिसणार नाही. त्यांनी विचारलं, तुम्ही इथं कोण? मी रिकामी गोणी घडी करून त्यांच्या हातात दिली.

मी सरांकडे गेलो. जायच्या आधी दोनदा माघारी फिरलो, कारण या वयात हे काम सुटलं तर कुठं जायचं. सर चिडले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "काका, तुम्हाला वाटतं मला हे आवडतं? फोटो बंद केले तर पुढच्या वर्षी तुमचा गॅस पेटणार नाही. मंगळवारी मोठे पाहुणे येतायत, त्यांना मुलींना जेवताना पाहायचंय. ते गेले की फ्लेक्स उतरवू." बाई, मला सरांचाही राग येईना. नुसती घाण वाटत राहिली, सरांच्या टेबलाची, माझ्या खाली गेलेल्या मानेची. मी "बरं" म्हणालो आणि बाहेर आलो.

मंगळवारी, म्हणजे काल, मी मुलींना फार लवकर वाढलं. कोणाला विचारलं नाही. नुसतं ताटं मांडली आणि हाक मारली. त्यांना कळलं असावं, कारण एकीनंही का म्हणून विचारलं नाही, भराभरा जेवल्या. पाहुणे आले तेव्हा ताटं घासून पालथी घातलेली होती आणि मुली कॉलेजात होत्या. परीक्षेच्या तयारीमुळं ती एकटी वर होती.

सरांनी माझ्याकडे कसं पाहिलं, ते सांगत नाही. पाहुणे चौघं होते. चांगले कपडे, चांगली भाषा, गळ्यात कॅमेरे. मी पुढं झालो आणि तुमचं वाक्य म्हणालो. म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला. "बसा ना, ताट घ्या." तुमच्यासारखं आलं नाही, मागितल्यासारखं आलं. त्यातले मोठे हसले. म्हणाले, हॉटेलात नाश्ता भरपूर झाला, शिवाय बाहेरचं पाणी आम्ही घेत नाही. पाण्याची बाटली त्यांच्या काखेत होती. माझ्या माठाकडे त्यांनी असं पाहिलं की मला त्या बाटलीचीच शिसारी आली.

तेव्हा मॅडमना सुचलं. "काका, तुम्हीच बसा ना! तुम्ही पण लहानपणी अशाच बोर्डिंगात शिकलात ना? किती छान स्टोरी आहे."

मी बसलो. काय करणार? सर एका बाजूला मान खाली घालून उभे, आणि वर एका खोलीत ती. तिचं तोंड वाचवायचं तर कोणाचं तरी तोंड द्यायला हवं होतं. मला गार भाकर वाढली. ते चौघं माझ्याभोवती उभे राहिले. मॅडम खाली वाकल्या. "घास घ्या काका. हळू. अजून एकदा. थोडं हसा." माझी कवळी सैल आहे, चावताना टकटक वाजते. ते वाजणं त्या खोलीत सगळ्यांना ऐकू येत होतं. भाकर तोंडात फुगली, गिळता येईना. एका पाहुण्याचा श्वास माझ्या कानावर लागत होता, त्याला कसला तरी गोड वास होता. तरी मी हसलो, बाई. सांगितलं म्हणून हसलो.

तेवढ्यात माझ्या ताटाजवळ पाण्याचा तांब्या टेकला. ती खाली आली होती. चार कॅमेऱ्यांच्या मधून आली, माझा पेला उचलला, भरला आणि ठेवला. सगळी खोली माझ्या तोंडाकडे पाहत होती. ती फक्त पेल्याकडे पाहत होती. पेला काठोकाठ भरेपर्यंत तिनं नजर वर केली नाही, आणि मग तशीच निघून गेली. मला घास गिळता आला.

संध्याकाळी सरांनी स्वतः शिडी लावून फ्लेक्स उतरवला. मॅडम म्हणाल्या की पुढच्या वर्षी कॅलेंडरवर मी असेन. असू द्या. अकोल्यातल्या त्या अडत्याच्या भिंतीवर मात्र तिचा महिना आहे तसाच राहणार, तिथं माझा हात पोचत नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचं ते पान मी फाडलं. त्याच्याच कोऱ्या पाठीवर हे लिहितो आहे. उलटं केलं की तिचं तोंड. म्हणून हा कागद कोणाला द्यायचा नाही, कुठं ठेवायचाही नाही. मागच्या अंगणात भाकरीसाठी अजून चूल आहे, डाळ उतरली की त्यात घालीन. आज बुधवार, तिचे वडील येणार आहेत. त्यांच्यासाठी वांगी चिरून ठेवली आहेत.

एक सांगायचं राहिलं. काल रात्री ती पंगतीत बसली होती, इतर मुलींच्या मधे. मी टोपली घेऊन पुढं गेलो, आणि बाई, तुमची रीत मोडली. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती जेवत होती.