कोपऱ्यातलं पिंप

सोमवार, १३ ऑक्टोबर १८५६
आज मिस्टर अँबलर यांच्या औषधांच्या दुकानात रुजू झालो. गाव गिरण्यांच्या धुरानं काळंकुट्ट, पण दुकान कसं लख्ख. काचेच्या बरण्या, पितळी तराजू, आणि आतून मटणाच्या सुपाचा वास. मला पाहताच मिसेस अँबलर नवऱ्याला म्हणाल्या, हा काडीपैलवान तराजू कसा पेलणार, आधी जेवू तर घाला. मालक खोकल्यानं माडीवर अंथरुणाला खिळलेत. तिथूनच हुकूम सुटतात. मला इथं आवडणार.

बुधवार, १५
मिठाईवाले सगडन बारा पौंड 'भर' न्यायला आले. साखर महाग, म्हणून गोळ्यांत पांढऱ्या मातीची पूड मिसळतात, तीच ही भर. सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी तोंड वाकडं केलं तर सगडन म्हणाले, नुसती साखर हवी तर राणीसाहेबांकडं जेवायला जा, आमच्या गिऱ्हाइकांची पोटं पक्की आहेत. विचारायला वर गेलो. मालक खोकत म्हणाले, माळ्यावर कोपऱ्यात पिंप आहे, त्यातली दे. पुन्हा विचारलं तर खेकसले. मग मुकाट्यानं तोलून दिली.

शुक्रवार, १७
सगडननी सकाळीच पेपरमिंटच्या नव्या गोळ्यांची पुडी भेट दिली. रंग जरा काळपट आलाय म्हणाले. गोळ्या करणारा कारागीर आजारी पडलाय, त्याला दारूच बाधली असणार अशी त्यांची खात्री. एक गोळी मी चघळली, बाकीच्या लगेच गाडीनं गावी आईला धाडल्या. वडील गेल्यापासून तिला कुणी गोडाधोडाचं पाठवलेलं नाही. फार बरं वाटलं.

शनिवार, १८
कालपासून ओकतोय. घसा जळतो. सूप बाधलं म्हणावं, तर बाकीचे ठणठणीत. बाजारात सगडनच्या गोळ्यांवर उड्या पडल्यात म्हणे.

रविवार, १९
सकाळपासून दाराशी रीघ. सगळ्यांना पोटाचं औषध हवंय. डॉक्टर म्हणतात पटकी. समोरच्या विणकराची दोन्ही मुलं गेली. बाप सांगत होता, काल बाजारातून गोळ्या आणल्या, भांडून भांडून खाल्ल्या—

गोळ्या.

माळ्यावर गेलो. कोपऱ्यात पिंपं दोन. सारखीच. मी उघडलं होतं ते कलतं केलं. चिठ्ठी बुडाला चिकटवलेली. सोमल. उंदरांचं विष.

आई—

दुपारी. पोलिसांना मीच सगळं सांगितलं. आईकडं जाऊ द्या म्हणून पाय धरले. सोडत नाहीत. गावाकडं घोडेस्वार धाडलाय म्हणतात. मी कोठडीत. वही तेवढी राहू दिली.

सोमवार, २०
मिसेस अँबलर आईचं पत्र घेऊन आल्या. शनिवारी लिहिलेलं. म्हणजे शनिवारी ती— लिहिते, पुडी मिळाली, अजून एकही खाल्ली नाही. एकही नाही. मी रडलो. मिसेस अँबलरही रडल्या.

पुढं लिहिते, एकटीनं खाल्लं तर घशाखाली उतरायचं नाही. उद्या सकाळी चर्चमधल्या रविवारच्या शाळेत नेते. अठरा पोरं आहेत. माझ्या इनॉकनं पाठवल्यात म्हणून सांगेन. आधी त्यांना, उरली तर मला—

उद्या म्हणजे काल. सकाळी. स्वार निघाला दुपारी—

टापा वाजल्या. तोच असेल. दाराशी आलाय, टोपी काढून उभा आहे. मी विचारतोय, किती, तर तो