लाल गोल

नांदेड, ६ सप्टेंबर २०२४

ती. महामायाअक्कास,
धाकट्या लुंबिनीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

माझ्या गौतमीला लिहायची सवय लागावी म्हणून मोठ्यांनीही फोन सोडून पत्रंच लिहायची, हा तुझा नियम. तर वसतिगृहाच्या खाटेवर, मांडीवर ताट पालथं घालून लिहून राहिले.

माझा नर्सिंगचा कोर्स या महिन्यात संपतोय. दवाखाना मला अजून दोन वर्षं ठेवून घ्यायला तयार आहे. राहायचं मात्र इथंच, आणि इथं लेकरू आणायला परवानगी न्हाई. होय का न्हाई, ते तीस तारखेच्या आत लिहून द्यायचंय. आनंदराज ट्रक घेऊन कर्नाटकात. त्यांचं एकच, तुझं तू बघ, पोरगी मावशीकडं खुश हाय.

तुझ्याकडून येणारी गौतमीची पत्रं बघून मलाही तसंच वाटतं. पण अक्का, ती पत्रंच मला सुचू देईनात. जूनमध्ये दोन-दोन पानं यायची, ओळीला चार चुका. लिंबाजीकाकांच्या म्हशीनं वाळत घातलेला परकर खाल्ला, ते वाचून मी वार्डात एकटीच हसत होते. आता बघ, काय येतं ते: 'आई, मी बरी आहे. शाळा छान आहे. घर छान आहे. मावशी छान आहे.' चूक एक न्हाई. अशी चार आली. माझी लेक आठ वर्षांची आहे का तहसीलदार?

तिचं काही बिनसलं तर न्हाई ना? लगेच कळव. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
लुंबिनी

रेणापूर, १० सप्टेंबर

चि. लुंबिनीस,
अक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून असा राग आला की एक दिवस थांबून लिहायला बसले. तहसीलदार म्हणे! शुद्धलेखन म्हटलं की तुझी लेक खाटेखाली जाऊन बसायची, ते विसरलीस का गं?

दहा-दहा वेळा लिहून काढायचं मी पार बंद केलं. आता परातीत ज्वारीचं पीठ पसरते. ती बोटानं शब्द लिहिते, चुकला की परात हलवायची, शब्द गायब. अंगणात लंगडीची घरं आखली, घराघरात एक अक्षर. मी शब्द सांगायचा, तिनं तेवढ्याच घरांवरून उड्या मारत जायचं. जोडाक्षर आलं की दोन्ही पाय टेकायचे. शेजारच्या पार्वतम्मा साठीला आल्यात, त्याही परवा लुगडं खोचून लंगडी घालायला लागल्या आणि 'द्राक्ष'वर बसकण मारली. उठवता उठवता आमची पुरेवाट झाली.

शनिवारी तुला लिहायचं पत्र म्हणजे तिची परीक्षा. चुकलेल्या शब्दाला मी लाल गोल करते. एकही गोल उरत न्हाई तोवर पत्र पुन्हा लिहायचं, मगच तिकीट. गेले चार शनिवार पहिल्याच खेपेला लाल गोलाविना कोरं पत्र! शाळेतल्या बावीस वर्षांच्या नोकरीत असं पोर बघितलं न्हाई.

तू बिनघोर होय म्हण. खरं सांगते, ती आल्यापासून मला घरी यावंसं वाटतं. मोठ्या बहिणीवर भरवसा ठेव, आणि मायाही.

तुझी,
महामायाअक्का

नांदेड, १५ सप्टेंबर

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझे खेळ वाचून आम्ही खोलीतल्या चौघी लंगडी खेळलो, खालच्या मजल्यावरून बोलणी खाल्ली. पण माझ्या जिवाला चैन न्हाई. काल हातातून इंजेक्शनचा ट्रे पडला. होकाराचा कागद भरून ठेवलाय, सही तेवढी होईना.

रागावू नकोस, पण मला एवढंच सांग. पार्वतम्मा 'द्राक्ष'वर बसल्या आणि माझ्या गौतमीनं ते मला कळवलं न्हाई, हे होईलच कसं? ती तर हे सांगायला नांदेडपर्यंत पळत आली असती! फोनवर काहीही विचारलं तरी नुसतं हाव, हाव करती.

एक पत्र तू न बघता पाठव. हात जोडते. बोलले ते पोटात घाल.

तुझी,
लुंबिनी

रेणापूर, २० सप्टेंबर

चि. लुंबिनीस,
अ. आ.

पत्र वाचलं आणि गौतमीला जवळ घेऊन विचारलं. ती म्हणाली की गोल आला की पत्र पुन्हा लिहावं लागतं, तोवर टपाल निघून जातं. एकदा आईला आठवडाभर पत्रच गेलं न्हाई. म्हणून जे शब्द पक्के येतात तेवढेच ती लिहिते. बाकीचं सोडून देते.

बाई गं! पीठ काय, लंगडी काय, सगळं केलं आणि पोरीचं तोंड मीच बंद केलं. कोरं पत्र बघून शाळेत मिरवत होते. माझी मलाच लाज वाटली.

लाल पेन कपाटावर टाकला. तिला कागद दिला, कसंही लिही म्हटलं आणि मी ओसरीवर जाऊन बसले. दीड तास लिहीत होती. पाकीट तिनंच चिकटवलं. आत काय आहे, मला ठाऊक न्हाई. जे असेल ते असो.

आता कुठल्या तोंडानं लोभ मागू? तरी मागते.

तुझी,
अक्का

(आतल्या पाकिटात)

आइ,

जयभिम. मावशी म्हनली कसं बी लीही म्हनुन लीहीते. मि गीरनीत पडले गुडगा फुटला आता खपली हाय. पार्वतम्मा आंगनात पडल्या मि लई हासले. शाळेत सगळ्यांच्या आया आल्या होत्या. भुजंग म्हनला तुझी आइ पळुन गेली. मि त्याला चावले. मावशीला म्हाईत न्हाई सांगु नको.

मावशी खरच चांगली हाय. मला ईथं आवडतं. पन तु नसतीस ते आवडत न्हाई.

तूमची पत्रं मि वाचते. मला आता सगळं वाचता येतं. तू बाबाला ईचारलं मावशीला ईचारलं. मला कुनी ईचारलं न्हाई. ईचारलं आसतं तर मि नको म्हनले आसते.

आजून तीस तारीक आली न्हाई.

तुझी
गौतमि