धुण्याच्या दगडावरची मगर

१२ सप्टें., शुक्र.
पाऊस थांबला, सावित्री नदीचं पाणी उतरलं. पलीकडच्या काठावर ओंडका दिसला. ओंडक्याने तोंड उघडलं! शाळेच्या समारंभांसाठी घेतलेला कॅमेरा काढला. मगर आमच्या सत्कारमूर्तींपेक्षा स्थिर बसते.
फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. यांचा मुंबईहून लगेच फोन, "केवढी आहे गं?" बायको किती जवळ उभी होती, हे विचारायचं सुचलं नाही.

१४, रवि.
फोटो महाडपर्यंत पोचला. बाइकवरून पोरं आली. मगर तोंड उघडेना म्हणून आमच्या काठावरून कोंबडीची आतडी फेकायला लागली. मी ओरडले. एक म्हणतो, "काकी, एकच फोटो, प्लीज." मगर पोहत अलीकडे आली. पोरं नाचली.

१७, बुध.
आता ती आमच्या धुण्याच्या दगडावर. रोजचं धुणं नळावर, पण घट बसायच्या आधी गोधड्या नदीवरच धुवायच्या, हा सासूबाईंचा कायदा. "मोरीत कदी गोधडी निघते का गो?"
वनखात्याला फोन. "पाण्याजवळ जाऊ नका, बोर्ड लावतो." लावतीलही. आमच्या घाटातले बोर्ड वळण गेल्यावरच दिसतात.

१९, शुक्र.
शाळेतून आले तर घरात कुणी नाही, गोधड्या गायब. पळतच नदीवर. सासूबाई नि शेजारची शेवंताकाकू गुडघाभर पाण्यात, धोपटणं चालू.
"आई, बाहेर या!"
"ती गेली गो. सकाळपासना दिसली नाय."
"दिसली नाही म्हणजे गेली का?"
काकू हसली. "मास्तरीण आमालाच वर्गात बसवते बग."
तेवढ्यात तिच्या मागे पाणी फुगलं. आवाज नाही. दंड धरून ओढली तिला. सासूबाई आपल्या आपण वर. तिघी चिखलात.
एक गोधडी दगडावरच राहिली. कॅमेरा घरी होता. बरं झालं, हात रिकामे होते.

२०, शनि.
मगर गोधडीवर पसरून ऊन खातेय. परसातून झूम करून फोटो घेतला. त्या गोधडीत मामंजींचं धोतर आहे, माझ्या बाळंतपणातली साडी आहे. भीती बसावी म्हणून सासूबाईंना दाखवला. बराच वेळ बघत राहिल्या.
"माजी गोधडी तिच्या अंगाखाली, नि मी घरात घट बसवू?"
शाबास. फोटोने जे करायचं नव्हतं तेच केलं.
फोटो यांनाही पाठवला होता. यांचा फोन, "हा भारी आलाय!" म्हटलं, आईंना समजवा. "तू आहेस ना तिथे."

२१, रवि., अमावास्या
उद्या घट. म्हटलं, नवी शिवू. "अर्धी धुतलेली टाकून?"
सकाळी झूम लावला. दगड रिकामा, गोधडी तिथेच. मगर पलीकडे नाही, खालच्या डोहात नाही. काल दिसत होती तेच बरं होतं.
सासूबाईंनी आंबे उतरवायचा बांबू काढलाय. "पाण्यात नाय उतरत. काठावरनंच वढते." बांबू हातभर कमी पडणार. हे त्यांनाही माहीत आहे. पदर खोचलाय त्यांनी.
चहाही त्यांनीच टाकला. न विचारता माझाही कप भरून ठेवला. म्हणजे मीही जायचंय.
कप तसाच आहे. पुन्हा झूम लावून पाहिलं. पाणी गुळगुळीत, कुठे रेघसुद्धा नाही.